रद्द करण्याचं महाकाव्य

अ‍ॅमेझॉनचं ‘प्राइम’ सदस्यत्व सोडू पाहणाऱ्या अमेरिकी ग्राहकाला ज्या स्क्रीन ओलांडून जावं लागायचं, त्या वाटेला कंपनीच्या आत एक नाव होतं – ‘इलियड’. ट्रॉयच्या लांबलचक युद्धावरचं होमरचं महाकाव्य. हे नाव ज्याला सुचलं तो वाचणारा माणूस असणार, आणि आपण काय बांधतो आहोत हे त्याला नीट ठाऊक असणार.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जून २०२३मध्ये सिअ‍ॅटलच्या न्यायालयात अ‍ॅमेझॉनवर दावा लावला, तेव्हा या इलियडचं मोजमाप जगासमोर आलं. चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. सदस्य व्हायला मात्र एक-दोन क्लिक पुरत होत्या. बाहेर पडणाऱ्याला आधी तो काय काय गमावणार आहे त्याची उजळणी करून दिली जाई, मग स्वस्त योजनांचे देकार पुढे केले जात, मग ‘थोडे दिवस थांबवून ठेवा’, ‘नंतर आठवण करून द्या’ असे पर्याय येत. या गर्दीत एखादं भलतं बटण दाबलं गेलं की ग्राहक पुन्हा सदस्यच. कमिशनच्या म्हणण्यानुसार ही रचना २०१६पासून होती आणि दावा दाखल होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, एप्रिल २०२३मध्ये, कंपनीनं ती बदलली.

खटला सप्टेंबर २०२५मध्ये उभा राहिला आणि काही दिवसांतच तडजोड झाली. रक्कम अडीच अब्ज डॉलर. त्यातला एक अब्ज सरकारला दंड आणि दीड अब्ज ग्राहकांना परतावा. परताव्याला पात्र ग्राहक सुमारे साडेतीन कोटी. कंपनीनं चूक मान्य केली नाही. तडजोडीत असा प्रकार नेहमीच असतो, त्यामुळे त्यात आश्चर्य नाही. तडजोडीतली एक अट मात्र मला दंडाच्या रकमेपेक्षा महत्त्वाची वाटते. ‘नाही, मला मोफत डिलिव्हरी नको’ असं बटण यापुढे चालणार नाही. सदस्यत्व नको असेल तर तसं सरळ म्हणता येईल असं ठळक बटण हवं, आणि सोडणं सदस्य होण्याइतकंच सोपं हवं. अब्जावधी डॉलरच्या खटल्याच्या शेवटी चर्चा येऊन ठेपली ती एका बटणावरच्या चार शब्दांवर.

या प्रकाराला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. हे नाव २०१०मध्ये हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं दिलं. डिझाइनच्या धंद्यात ‘पॅटर्न’ म्हणजे वापरून पारखलेला तोडगा. तारीख निवडायला कॅलेंडर उघडावं, चुकीचा पिनकोड टाकला तर त्याच रकान्याखाली लाल अक्षरांत सांगावं, असे शेकडो तोडगे डिझायनर एकमेकांकडून उचलतात आणि त्यात गैर काही नाही. ब्रिग्नलच्या लक्षात आलं की फसवण्याचे तोडगेसुद्धा असेच उचलले जाताहेत. त्यानं एक संकेतस्थळ काढून प्रत्येक युक्तीला नाव द्यायला आणि ती वापरणाऱ्या कंपन्यांची उदाहरणं मांडायला सुरुवात केली. नाव नसलेल्या गोष्टीबद्दल तक्रार करणं अवघड असतं. ‘काहीतरी गडबड आहे’ एवढंच सांगता येतं. पुढच्या दहा-बारा वर्षांत ही नावं न्यायालयांच्या निकालांत आणि सरकारी अधिसूचनांत जाऊन बसली. खुद्द ब्रिग्नल आता ‘डार्क’ऐवजी ‘डिसेप्टिव्ह’, म्हणजे फसवी रचना, असं म्हणतो.

एका काळ्या काचेच्या इमारतीत बसून कोणी दुष्ट माणूस या युक्त्या रचतो, असं चित्र डोळ्यांसमोर आलं असेल तर ते पुसून टाकावं. हिंजवडीत, बाणेरला, ऐरोलीत बसून रोज स्क्रीन बांधणाऱ्यांत आपल्या ओळखीची, शेजारपाजारची मुलंमुली आहेत. त्यांच्यापुढे येणाऱ्या कामाच्या तिकिटावर ‘ग्राहकाला फसवा’ असं कधीच लिहिलेलं नसतं. ‘चर्न कमी करणे’ असं लिहिलेलं असतं. सोडून जाणाऱ्या ग्राहकांच्या प्रमाणाला या धंद्यात चर्न म्हणतात आणि ते कमी व्हावं ही इच्छा वाईट नाही.

समजा, एका अ‍ॅपचं महिन्याचं सदस्यत्व आहे. बैठकीत कोणी सुचवतं की ‘रद्द करा’ हे बटण निळ्याऐवजी करडं करून पाहू या. मग ए/बी चाचणी लावतात. निम्म्या ग्राहकांना जुनी स्क्रीन दिसते, निम्म्यांना नवी. दोन आठवड्यांनी आकडा येतो की करड्या बटणाच्या गटात कमी लोकांनी सदस्यत्व रद्द केलं. नवी स्क्रीन जिंकली. पुढच्या तिमाहीत तेच बटण सेटिंग्जमध्ये दोन पायऱ्या खाली जातं, पुन्हा चाचणी, पुन्हा विजय. त्यानंतरच्या तिमाहीत ‘का सोडताय?’ ही सक्तीची प्रश्नावली येते. वर्षाअखेरीस एक छोटं इलियड उभं राहिलेलं असतं आणि ते कोणी एकानं बांधलेलं नसतं. बैठकीत कोणी खोटंही बोललेलं नसतं. प्रत्येकानं आकडाच दाखवला.

खोट त्या आकड्यात असते. चाचणी रद्द न केलेल्यांना मोजते. त्यांतल्या कितीजणांना राहायचं होतं आणि कितीजण बटण शोधून कंटाळले, हे चाचणी सांगत नाही. दोघांची नोंद ‘टिकलेला ग्राहक’ अशीच होते. मुलाला फोन करून ‘हे बंद कसं करायचं रे?’ विचारणारी आई, वैतागून बँकेत जाऊन कार्डच बंद करणारे आजोबा, पुन्हा या कंपनीच्या वाटेला जायचं नाही असं ठरवणारा ग्राहक, यांच्यासाठी डॅशबोर्डवर रकाना नसतो. अ‍ॅमेझॉनच्या प्रकरणातल्या अंतर्गत कागदपत्रांत, नको असलेल्या सदस्यत्वांच्या प्रश्नाला एके ठिकाणी ‘न बोलला जाणारा कॅन्सर’ म्हटलं होतं. म्हणजे आत बसलेल्यांना दिसत होतं. कमिशनचा आरोप असा, की बाहेर पडणं सोपं करणारे बदल वरिष्ठांनी लांबवले किंवा नाकारले, कारण त्या बदलांमुळे कंपनीच्या कमाईला फटका बसला असता.

हा प्रकार किती पसरला आहे याचा पहिला मोठा अंदाज प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये दिला. अरुणेश माथूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रोग्राम लिहून सुमारे ११ हजार खरेदी-संकेतस्थळं पिंजून काढली. त्यांना १,२५४ संकेतस्थळांवर अशा १,८१८ रचना सापडल्या. ही फक्त मजकुरातून यंत्राला ओळखता आलेली प्रकरणं, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच असणार. पण संख्येपेक्षा तपशील बोलके आहेत. ‘सवलत संपायला इतकी मिनिटं उरली’ असं सांगणारी काही घड्याळं शून्यावर आली की काहीच घडत नसे. सवलत तशीच राही आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. ‘आत्ता इतके जण ही वस्तू पाहत आहेत’ या ओळीतला आकडा काही ठिकाणी कोणाला मोजून आलेला नव्हता. ब्राउझरमध्येच चालणारा कोड तो यादृच्छिक पद्धतीनं काढत होता. लुडोचा फासा टाकावा तसा. शिवाय अशा रचना तयार करून विकणारे २२ पुरवठादार संशोधकांना सापडले. लहान दुकानदाराला डिझायनर नेमायची गरजच नाही. घाईचं घड्याळ महिन्याच्या भाड्यानं मिळतं.

हे सगळं ऐकल्यावर शिकलेला वाचक म्हणतो की मला कळतं, मी नाही फसत. त्याच्यासाठी शिकागो विद्यापीठातल्या जेमी लुगुरी आणि लिओर स्ट्राहिलेविट्झ यांचा प्रयोग आहे. तो २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो अमेरिकी माणसांना त्यांनी एक विमा-छाप सेवा देऊ केली. आपली ओळख चोरून कोणी कर्ज काढलं तर संरक्षण, अशी. एका गटाला सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ विचारलं. त्यातल्या ११.३ टक्के लोकांनी सेवा घेतली. दुसऱ्या गटाला सौम्य युक्त्या लावल्या. ‘स्वीकारा (शिफारस)’ आणि ‘इतर पर्याय’ अशी बटणं, मग नकाराचं कारण विचारणं. तिथे आकडा २५.८ टक्क्यांवर गेला. तिसऱ्या गटाला एकामागून एक स्क्रीन, सक्तीची वाट पाहणं, दुहेरी नकाराचा चकवा देणारा प्रश्न असं सगळं लावलं. तिथे ४१.९ टक्के लोकांनी सेवा घेतली. सेवेची किंमत चारपटीहून जास्त वाढवून पाहिली तरी युक्त्यांचा परिणाम फारसा ओसरला नाही.

सगळ्यांत जास्त लोक अडकले ते आक्रमक गटात, हे उघड आहे. पण या प्रयोगात खरी काळजी वाटावी अशी गोष्ट सौम्य गटातली आहे. आक्रमक युक्त्या लावलेले लोक चिडले. काहींनी प्रयोगच अर्धवट सोडला. सौम्य युक्त्या लावलेल्यांत घेणारे दुपटीहून जास्त झाले, पण राग काही वाढला नाही. आपल्याला ढकललं गेलं हे त्यांना जाणवलंच नाही. आणि कमी शिकलेली माणसं या सौम्य युक्त्यांना जास्त बळी पडली. हिशेबी कंपनीनं हा प्रयोग वाचला तर ती काय निवडेल हे सांगायला नको. सहा क्लिकांचं इलियड बातमीत येतं, त्यावर खटला होतो. ‘शिफारस’ हा कंसातला शब्द कोणाच्या नजरेला येत नाही.

आपल्याकडे या सौम्यपणात भाषेचीही भर पडते. पुष्कळ अ‍ॅप आता मराठीत आहेत, स्वागत मराठीत होतं, सवलतीचा संदेश तर अगदी घरगुती मराठीत येतो. पण अटी, परताव्याचे नियम आणि सदस्यत्व बंद करण्याचं पान इथे पोचलं की अनेकदा एकदम इंग्रजी सुरू होतं. यामागे डाव असतो असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा भाषांतराचं बजेट आधी विक्रीच्या पानांवर संपलेलं असतं. परिणाम मात्र तोच होतो.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालची ही तत्त्वं १३ प्रकार नाव घेऊन सांगतात. खोटी घाई, न मागता टोपलीत घातलेली वस्तू, नकार देणाऱ्याला लाजवणं, सदस्यत्वाचा सापळा, हप्त्याहप्त्यानं उघड होणारी किंमत, सतत भुणभुण वगैरे. यादी चांगली आहे, एवढी ठोस यादी फार थोड्या देशांनी केली आहे. नकार देणाऱ्याला लाजवण्याचं तिच्यातलं उदाहरण विमान तिकिटाचं आहे. विमा न घेणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ असं बटण दाबायला लावणं. हे काल्पनिक वाटेल. पण इंडिगोच्या संकेतस्थळावर असंच ‘नाही, मी धोका पत्करेन’ या अर्थाचं बटण होतं आणि प्राधिकरणाच्या हस्तक्षेपानंतर त्याचे शब्द बदलून साधा नकार झाला. बुक माय शो प्रत्येक तिकिटामागे एक रुपया आपल्या ‘बुक अ स्माइल’ या उपक्रमासाठी आपोआप जोडत असे. तोही विचारून घ्यायचं ठरलं.

एक रुपया, तोही चांगल्या कामाला, यात काय एवढं? वाण्यानं सामान बांधताना न मागितलेली काडेपेटी पुडक्यात टाकावी आणि हिशेबात तिची किंमत लावावी, तर आपण काय म्हणू? काडेपेटी उपयोगी असते आणि रुपया-दोन रुपयांचीच असते. आपण ती काढून ठेवायला सांगू, आणि पुढच्या खेपेला पुडकं जरा बारकाईनं बघू. अ‍ॅपवर हे बारकाईनं बघणं कंपनीच्या हिशेबात धरलेलंच असतं. लाखो तिकिटांमागे न बघणारे किती, यावर ते एकेक रुपये उभे असतात. दान द्यायला हरकत कोणाचीच नव्हती. विचारण्याच्या जागी गृहीत धरणं आलं, एवढाच आक्षेप होता.

हप्त्याहप्त्यानं उघड होणाऱ्या किमतीबद्दल मला जास्त चीड आहे, कारण तिथे आपण मागे गेलो आहोत. पाकिटावर ‘कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित’ छापायचा नियम आपल्या अंगवळणी पडला होता. बिस्किटाचा पुडा हातात घेतला की शेवटचा आकडा समोर. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या १९७५ सालापासून काम करणाऱ्या संस्थांनी ग्राहकाला हा आकडा वाचायची सवय लावली. आता तोच पुडा फोनवरून मागवला की छापील किमतीवर हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क, लहान ऑर्डरचं शुल्क, पाऊस पडत असेल तर पावसाचं शुल्क. यातलं एकही शुल्क बेकायदा असेलच असं नाही, घरपोच सेवेला खर्च येतोच. पण दहा मिनिटं वस्तू निवडल्यावर, पैसे भरायच्या पानावर ती एकेक करून उगवतात. तोवर माणूस इतका आत आलेला असतो की परत फिरायचा कंटाळा करतो. पहिल्याच पानावर ‘तुमच्या पत्त्यावर एवढ्या सामानाला साधारण इतके पडतील’ असं सांगणं तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. पत्ता त्यांच्याकडे असतो, सामान किती हे त्यांना कळत असतं, पावसाची खबर तर आपल्याआधी असते.

नियम आले म्हणून स्क्रीन बदलल्या का? जाहिरात क्षेत्राची मुंबईतली स्वनियमन संस्था ‘अ‍ॅस्की’ हिनं २०२४मध्ये ५३ आघाडीचे भारतीय अ‍ॅप तपासून घेतले, तेव्हा त्यातल्या ५२मध्ये काही ना काही फसवी रचना सापडली. जून २०२५मध्ये प्राधिकरणानं ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं आणि त्या वर्षाअखेरपर्यंत २६ कंपन्यांनी आपण नियम पाळत असल्याचं लेखी कळवलं. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासण्याच्या पद्धतीवर माझा फारसा विश्वास नाही. तरी एक फायदा आहेच. लिहून दिलेलं खोटं निघालं तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ ही सबब उरत नाही. ग्राहकाला तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तक्रार करताना स्क्रीनचा फोटो काढून ठेवावा, कारण ती स्क्रीन उद्या तशीच असेल याची खात्री नाही.

एक आक्षेप इथे विचारात घ्यायला हवा. कुठलीही स्क्रीन तटस्थ नसते. काहीतरी वर येणार, काहीतरी खाली जाणार, एक पर्याय आधीच निवडलेला असणार. मग चांगला रेटा आणि फसवणूक यांत फरक काय? रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांनी २००८मध्ये लोकांना शहाण्या निवडीकडे हलकेच वळवण्याची कल्पना ‘नज’ या नावानं मांडली, तेव्हा त्यांनी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सकडून एक कसोटी उसनी घेतली होती. जी रचना करणाऱ्याला उघडपणे सांगता येणार नाही, ती करू नये. पुढे २०१८मध्ये थेलरनंच लिहिलं की याच तंत्रानं लोकांच्या वाटेत गाळही भरला जातो आहे. कसोटी वापरायला सोपी आहे. ‘पुष्कळ लोक विसरतात म्हणून वीजबिल भरायची आठवण आधीच चालू ठेवली आहे’ हे वाक्य कंपनीला मदतीच्या पानावर छापता येईल. ‘लोक कंटाळून सोडून देतील म्हणून रद्द करण्याचं बटण करडं ठेवलं आहे’ हे छापता येणार नाही.

याच कारणानं, जाणाऱ्या ग्राहकाला एकदा थांबवून ‘अर्ध्या किमतीत राहता का?’ विचारायला माझी हरकत नाही. धंद्यात याला ‘सेव्ह ऑफर’ म्हणतात. दुकानदारही विचारतो. एकच स्क्रीन असावी, त्यावर ‘नको, रद्द करा’ हे बटण ‘राहतो’ इतकंच मोठं आणि ठळक असावं, एवढं पुरे.

मग प्रामाणिक रचना टिकते कुठे? काही वेळा कंपन्या स्वतःहून शहाणपण दाखवतात. नेटफ्लिक्सनं मे २०२०मध्ये जाहीर केलं की ज्यांनी सदस्य झाल्यापासून वर्षभर किंवा गेली दोन वर्षं काहीच पाहिलेलं नाही, त्यांना आम्ही विचारू, आणि उत्तर आलं नाही तर सदस्यत्व आपण होऊन बंद करू. अशी खाती एकूण सदस्यांच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्याचं कंपनीनंच सांगितलं. मन मोठं करायला फार खर्च नव्हता, असं कोणी म्हणेल. असेल. पण तेवढे पैसे मुकाट घेत राहता आले असते. ऑफिसमधल्या गप्पांसाठी वापरलं जाणारं ‘स्लॅक’ एखादा कर्मचारी वापर थांबवतो तेव्हा उरलेल्या मुदतीचे पैसे खात्यात जमा करतं. वापरत नसलेल्याचे पैसे नकोत हे त्यांनी बिलाच्या सूत्रातच घातलं.

शहाणपणावर अवलंबून न राहणारा मार्ग जर्मनीनं काढला. तिथे १ जुलै २०२२पासून ऑनलाइन करार करून घेणाऱ्या कंपनीला करार संपवण्याचं बटण संकेतस्थळावर कायम आणि सहज सापडेल असं ठेवावं लागतं. बटणावर काय लिहायचं हेही कायद्यात आहे, म्हणजे ‘मी असुरक्षित राहीन’सारख्या काव्याला वाव नाही. आणि बटण नसेल तर? तर ग्राहकाला मुदतीची वाट न पाहता कधीही करार संपवता येतो. बटण लपवण्यात कंपनीचाच तोटा. अमेरिकेतही ‘क्लिक करून रद्द’ असा नियम ऑक्टोबर २०२४मध्ये झाला होता. जुलै २०२५मध्ये, लागू व्हायला काही दिवस उरलेले असताना, अपील न्यायालयानं तो रद्दबातल केला. नियम करताना खर्चाचं आवश्यक ते प्राथमिक विश्लेषण केलं नव्हतं, म्हणून.

आणि तिसरा मार्ग आपल्याकडचा आहे. त्याचं कौतुक व्हावं तेवढं झालेलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून किंवा यूपीआयवरून ठरावीक काळानं आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला जावी लागते, आणि ती वजावट नाकारायची सोय त्याला असावी लागते. नियम लागू झाले तेव्हा अनेक परदेशी सेवांची वर्गणी अडकली, लोकांनी बँकांना शिव्या दिल्या. पण यूपीआय ऑटो-पेमध्ये काय झालं आहे ते पाहा. रद्द करण्याचं बटण विकणाऱ्याच्या अ‍ॅपमधून उचलून ग्राहकाच्या पैशांच्या अ‍ॅपमध्ये ठेवलं आहे. एका यादीत सगळ्या परवानग्या दिसतात, थांबवता येतात, मोडता येतात. विक्रेत्यानं आपल्या बाजूला कितीही मोठं इलियड रचलं तरी ग्राहकाला त्या वाटेनं जावंच लागत नाही. तपासणी नाही, खटला नाही, कोणाच्या सदसद्विवेकाची वाट पाहणं नाही. याच विचाराची एक ओळ २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आली आहे. माहिती वापरायला दिलेली संमती मागे घेणं, ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे.

अर्थात पळवाट निघालीच. मागचं दार बंद झालेलं पाहून युक्त्या पुढच्या दाराशी आल्या. ‘फक्त १ रुपयात ट्रायल’ ही जाहिरात आता छोट्या मालिकांच्या, ज्योतिषाच्या, इंग्रजी शिकवण्याच्या अ‍ॅपवर सर्रास दिसते. एक रुपया भरताना ग्राहक प्रत्यक्षात ऑटो-पेची परवानगी देत असतो. परवानगीच्या स्क्रीनवर कमाल रक्कम, ती किती वेळा कापली जाऊ शकते आणि परवानगी कोणत्या तारखेपर्यंत आहे हे सगळं लिहिलेलं असतं. तारीख कित्येकदा काही दशकांनंतरची असते. पण अ‍ॅपनं ‘१’ हा आकडा अर्धी स्क्रीन भरून दाखवल्यावर माणूस पिन टाकण्याच्या घाईत असतो. वजावटीच्या आदल्या दिवशीची सूचना सवलतींच्या वीस संदेशांत बुडून जाते.

इथे करण्यासारखं काम अगदी बारीक आहे. बटणावर ‘१ रुपयात सुरू करा’ असं लिहिण्याऐवजी ‘आज १ रुपया, रविवारपासून दर महिन्याला ४९९’ असं लिहावं, त्याच अक्षरांत, त्याच बटणावर. आदल्या दिवशीच्या सूचनेत पहिला शब्द कंपनीच्या नावाचा नसावा, रकमेचा असावा, आणि ‘नको’ म्हणायचं बटण त्या सूचनेतच असावं. ज्या टीमला हे लिहायची भीती वाटते तिनं खुशाल ए/बी चाचणी लावावी. फक्त पहिल्या दिवशी किती जण आले तो आकडा बाजूला ठेवून, दोन्ही गटांतले किती जण सहा महिन्यांनी अ‍ॅप खरोखर वापरत आहेत, कितींनी परतावा मागितला आणि हेल्पलाइनवर किती फोन आले, हे मोजावं.